फुफ्फुसातली गाठ कापायची की सुईने जाळायची? चाचणीत जाण्याआधी काय विचारावं

तुमचा प्रश्न मला असा समजला. अण्णांचं वय ६८. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात १.८ सेंटिमीटरची गाठ आहे. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार, आलाय आणि पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसत नाही. सर्जन म्हणतात लोबेक्टॉमी करू, म्हणजे गाठीसकट तो अख्खा खंड काढू. दुसऱ्या रुग्णालयात सांगितलं की आमच्याकडे चाचणी सुरू आहे, छाती न उघडता सुईने मायक्रोवेव्ह देऊन गाठ जाळू, एक रात्र ठेवू आणि घरी सोडू. घरात दोन तट पडलेत, आणि तुम्ही विचारताय की दोन्हींचा परिणाम सारखाच असेल तर कापाकापी कशाला?

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, या सुया मी स्वतः घालतो. या उपचारावर माझा विश्वास आहे आणि त्याने बरी राहिलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. तरीही तुमच्या प्रश्नातलं ‘सारखाच असेल तर’ हेच अजून सिद्ध व्हायचं आहे. चाचणी असते ती त्यासाठीच. म्हणून ‘कापणं की जाळणं’ याच्या आधी दोन गोष्टींचा निकाल लावा. अण्णांना ऑपरेशन झेपणार आहे का? आणि ही जी चाचणी सांगितली जातेय ती नेमकी काय तपासतेय?

पहिली गोष्ट तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही, आणि निम्मं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. अण्णांनी तीस वर्षं विडी ओढली असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांची फुंकण्याची तपासणी, म्हणजे पीएफटी, झालीच पाहिजे. तिच्यात दोन आकडे बघतात: एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो. खंड काढल्यावर हे दोन्ही किती उरतील याचा हिशोब सर्जन करतात. दोन्ही ६० टक्क्यांच्या वर उरत असतील तर सहसा पुढची अडचण नसते. त्याखाली आले तर जिने चढवून किंवा चालवून बघतात, आणखी खाली असतील तर गंभीरपणे विचार करावा लागतो. शिवाय हृदयाची स्थिती, आणि माणूस घरात किती हिंडता-फिरता आहे हेही असतंच. वय ६८ हे एकट्याने ऑपरेशन नाकारण्याचं कारण नाही.

ऑपरेशन झेपणार नाही असं ठरलं, तर ॲब्लेशन, म्हणजे सुईने गाठ जाळणं, हा खरा आणि मान्य पर्याय आहे. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही निवडक रुग्णांसाठी तो आहे. पण तिथे त्याची तुलना ऑपरेशनशी होत नाही, एसबीआरटीशी होते. एसबीआरटी म्हणजे नेमक्या जागी, मोठ्या मात्रेत, मोजक्या वेळा दिलेलं रेडिएशन. आपल्याकडे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याचाच बराच नेमका प्रकार. अशा रुग्णांवर झालेल्या आरटीओजी ०२३६ या अभ्यासात तीन वर्षांनी मूळ गाठ काबूत राहण्याचं प्रमाण ९७.६ टक्के होतं. तेव्हा तुम्हाला कोणी ‘ऑपरेशन नाहीतर ॲब्लेशन’ एवढंच सांगत असेल तर रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑपरेशन झेपतंय असं निघालं तर गोष्ट वेगळी होते. ती सांगण्यासाठी आधी आम्ही करतो काय ते सांगतो.

रुग्णाला सीटी मशीनच्या टेबलावर झोपवतो. भूल पूर्ण किंवा अर्धवट, ते केसवर ठरतं. बरगड्यांच्या फटीतून सुई घालायची, श्वास रोखायला सांगायचा, स्कॅन घ्यायचा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर दिशा बदलायची, पुन्हा स्कॅन. टोक गाठीत बरोबर बसलं की मायक्रोवेव्ह सुरू. ६० अंशांच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. त्याहून कमी तापमानात मरायला काही मिनिटं लागतात. उष्णता देण्याचं काम पाच-दहा मिनिटांचं असतं, बाकी सगळा वेळ सुई योग्य जागी नेण्यात जातो.

फुफ्फुसाची खुबी अशी की गाठीभोवती हवा असते. गोधडीत गुंडाळलेल्या पातेल्यातला भात जसा लवकर निवत नाही, तशी हवेने वेढलेल्या गाठीत उष्णता कोंडून राहते आणि गाठ चांगली शिजते. पण हीच हवा उष्णतेला गाठीच्या बाहेर जाऊ देत नाही. आम्हाला तर गाठीच्या बाहेरचा निदान ५ मिलिमीटरचा, जमलं तर १० मिलिमीटरचा निरोगी दिसणारा पट्टाही मारायचा असतो, कारण कॅन्सरच्या पेशी स्कॅनवर दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेल्या असू शकतात. जुन्या रेडिओफ्रिक्वेन्सी तंत्रात विजेचा प्रवाह ऊतींमधून न्यावा लागतो आणि हवा तो अडवते. मायक्रोवेव्हला प्रवाह लागत नाही, म्हणून फुफ्फुसात ती बरी पडते. दुसरी अडचण रक्तवाहिन्यांची. तीन मिलिमीटरहून जाड वाहिनी गाठीला खेटून असेल तर वाहतं रक्त उष्णता वाहून नेतं आणि त्या बाजूच्या पेशी जगू शकतात.

म्हणूनच मी कुठल्याही रुग्णाची सीटी बघताना आकाराइतकीच जागा बघतो. बाहेरच्या कडेला, मोठ्या वाहिन्या आणि श्वासनलिकांपासून लांब, दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर मी निश्चिंत असतो. तीनच्या पुढे गेलं की ॲब्लेशनचा भरवसा झपाट्याने कमी होतो. अण्णांची गाठ १.८ ची आहे ही चांगली बाब. ती आत मुळाकडे आहे की कडेला, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आता आजवरचा पुरावा. फुफ्फुसातल्या गाठी माणसांमध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळल्याचं पहिलं वृत्त अमेरिकेतून २००० साली आलं. २००८ मध्ये ‘रॅप्चर’ नावाचा अभ्यास आला: १०६ रुग्ण, १८३ गाठी, सगळ्या साडेतीन सेंटिमीटरच्या आत. त्यातल्या फुफ्फुसाच्या मूळ कॅन्सरच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ४८ टक्के हयात होते, पण फक्त कॅन्सरमुळे झालेले मृत्यू धरले तर तोच आकडा ७३ टक्के होता. हा फरक नीट बघा. हे लोक मुळातच ऑपरेशन न झेपणारे होते, आणि बरेच जण हृदयाच्या किंवा दम्यासारख्या दुसऱ्याच आजाराने गेले. पुढे २०१५ मध्ये एसीओएसओजी झेड-४०३३ या चाचणीचे निकाल आले: ५१ रुग्ण, ऑपरेशनला अयोग्य, पहिल्या पायरीचा (स्टेज १) कॅन्सर. दोन वर्षांनी ६९.८ टक्के हयात. गाठ दोन सेंटिमीटरहून लहान असलेल्यांत ८३ टक्के. फुफ्फुसाची क्षमता फारशी घटली नाही, ही मोठी जमेची बाजू. पण त्याच जागी पुन्हा गाठ न उद्भवता दोन वर्षं काढलेले ५९.८ टक्केच होते.

हे आकडे ऑपरेशनच्या आकड्यांशेजारी ठेवून ‘बघा, ॲब्लेशन कमी पडतं’ असं म्हणणं चूक आहे, कारण एकीकडे धट्टीकट्टी माणसं आणि दुसरीकडे आजारी. आणि ‘ॲब्लेशन सारखंच आहे’ म्हणणं त्याहून चूक, कारण ते दाखवणारी मोठी, चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी केलेली चाचणी आपल्या हातात नाही.

अशी चाचणी का होत नाही, असं तुम्ही विचाराल. करणं महाकठीण आहे म्हणून. रेडिएशनवाल्यांनी प्रयत्न केले. स्टार्स आणि रोझेल या दोन चाचण्यांत ऑपरेशन की एसबीआरटी हे चिठ्ठीवर ठरणार होतं. रुग्णच मिळेनात, दोन्ही लवकर बंद पडल्या, आणि दोन्हींतले मिळून फक्त ५८ रुग्ण २०१५ मध्ये एकत्र मोजले गेले. त्यात रेडिएशन सरस दिसलं, पण ५८ माणसांवर जगभरची पद्धत कोणी बदलत नाही, आणि बदलूही नये. लोकांना दोष देता येत नाही. आपल्या वडिलांची छाती उघडायची की नाही हे संगणकाने ठरवावं, याला किती मुलं तयार होतील?

उलट बाजूला जपानचं उदाहरण पाहा. अख्खा खंड न काढता त्याचा एक भागच काढला, म्हणजे सेगमेंटेक्टॉमी केली, तर चालतं का, हे त्यांना तपासायचं होतं. जेसीओजी ०८०२ या चाचणीत २००९ ते २०१४ या काळात ७० रुग्णालयांतून ११०६ रुग्ण घेतले, सगळ्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. निकाल २०२२ मध्ये आला: पाच वर्षांनी सेगमेंटेक्टॉमीवाले ९४.३ टक्के हयात, लोबेक्टॉमीवाले ९१.१ टक्के. मला त्यातला दुसरा आकडा जास्त शिकवून गेला. गाठ त्याच भागात पुन्हा येण्याचं प्रमाण सेगमेंटेक्टॉमीत १०.५ टक्के होतं, म्हणजे लोबेक्टॉमीच्या ५.४ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट. तरी माणसं जास्त जगली. चाचणीचं यश कशाने मोजायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर एकाच निकालातून दोन उलट गोष्टी काढता येतात. पुढच्याच वर्षी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ६९७ रुग्णांच्या सीएएलजीबी १४०५०३ या चाचणीनेही लहान गाठींना खंडाचा भाग काढणं पुरतं हे दाखवलं.

यातून तुमच्यासाठी एक थेट उपयोगाची गोष्ट निघते. सर्जनना विचारा की गाठ १.८ ची आहे, तर सेगमेंटेक्टॉमी जमेल का, आणि दुर्बिणीतून होईल का. तुमच्या घरात ‘अख्खा खंड’ विरुद्ध ‘सुई’ असा वाद चाललाय, आणि मधला हा रस्ता कोणी बोललेलाच दिसत नाही.

आता मी ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो: लिम्फ नोड, म्हणजे लसीकाग्रंथी. वर सांगितलेल्या सीएएलजीबी चाचणीत रुग्णाला चिठ्ठी मिळण्याआधीच ऑपरेशन टेबलावर ग्रंथी काढून, तिथल्या तिथे तपासून, त्या स्वच्छ आहेत याची खात्री केलेली होती. पेट स्कॅन स्वच्छ असूनही काही रुग्णांच्या ग्रंथींत सूक्ष्म कॅन्सर निघतो. सर्जन गाठीबरोबर ग्रंथी काढतात आणि ते कळतं. मी सुईने गाठ मारतो, ग्रंथींना हातही लागत नाही. गाठ पूर्ण मेली तरी ग्रंथीतला आजार तसाच वाढत राहू शकतो.

पूर्वी यावर ‘कळून तरी काय फरक पडतो’ असा युक्तिवाद व्हायचा. आता तो टिकत नाही. ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआर नावाचा जनुकातला बदल आपल्याकडे बऱ्याच रुग्णांत सापडतो. असा बदल असलेल्या आणि गाठ काढून टाकलेल्या रुग्णांना, आजार पहिल्या पायरीच्या थोडा पुढे असेल तर, ऑसिमर्टिनिब ही गोळी दिली जाते. अडॉरा या चाचणीत पाच वर्षांनी ती घेणारे ८८ टक्के हयात होते आणि न घेणारे ७८ टक्के. ग्रंथीत आजार आहे हे कळलंच नाही, तर अशी गोळी देण्याचा विचारही कोणी करणार नाही. म्हणून ॲब्लेशनच्या ज्या चाचणीत आधी ईबीयूएस, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून ग्रंथींची सुईने तपासणी, होत नाही, तिच्यात ऑपरेशन झेपणारा माणूस पाठवायला माझं मन तयार होत नाही.

आता दुसरी गोष्ट, तुम्हाला सांगितलेली चाचणी. ‘चाचणी’ म्हणजे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एका प्रकारात गाठ आधी जाळतात आणि नंतर, त्याच भुलेत किंवा काही दिवसांनी, ऑपरेशन करून काढतातच. गाठ पूर्ण मेली का हे पॅथॉलॉजिस्ट बघतो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. नुकत्याच उष्णता दिलेल्या पेशी नेहमीच्या रंगाखाली कितीतरी वेळा जशाच्या तशा, जिवंत असल्यासारख्या दिसतात, कारण उष्णतेने त्या जागच्या जागी गोठल्यासारख्या होतात. त्यासाठी ताज्या, गोठवलेल्या तुकड्यावर एनएडीएच नावाचं वेगळं रंजन करावं लागतं. पेशीतली विकरं काम करत असतील तरच ते निळं होतं. मेलेला भाग बिनरंगाचा राहतो. अशी चाचणी विज्ञानासाठी मोलाची आहे. पण त्यात अण्णांचं ऑपरेशन टळत नाही, उलट सुईची जोखीम त्यात भर म्हणून येते. तुमच्या घरच्यांनी ‘ऑपरेशन नाही’ असं ऐकलंय, तेव्हा हा प्रकार नसावा. तरी विचारून घ्या.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यांना ॲब्लेशनच देतात आणि पुढे काय होतं ते बघतात. इथे एकच प्रश्न विचारा: किती वर्षं बघणार? श्वासनलिकेतून लवचीक मायक्रोवेव्ह कॅथेटर नेऊन गाठ जाळायचं नवं तंत्र आलंय, बाहेरून सुई टोचायचीच नाही. ते मला खूप आशादायक वाटतं. पण त्यावरच्या नॅव्हाब्लेट या अभ्यासात ३० रुग्ण होते आणि यश मोजलं ते एका महिन्यानंतर. सुरक्षितता कळायला एवढं पुरतं. कॅन्सर परत येतो का हे कळायला नाही.

तिसरा प्रकार चिठ्ठी टाकून तुलना करण्याचा. तो नीट आखलेला असेल तर ऑपरेशन झेपणाऱ्या माणसानेही त्यात जाण्याचा विचार करायला हरकत नाही, आणि असे लोक पुढे आले तरच तुमच्यासारख्या पुढच्या मुलांना माझ्याकडून ‘सिद्ध व्हायचं आहे’ हे उत्तर ऐकावं लागणार नाही.

कोणताही प्रकार असो, सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि संकेतस्थळ कोणालाही बघता येतं. नीतिशास्त्र समितीची मंजुरी कोणाची आहे ते विचारा. संमतिपत्र मराठीत घ्या, घरी आणा, रात्रभर वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद त्यात लिहिलेली असायला हवी. आणि एक रोखठोक सांगतो: चाचणी म्हणून जे तपासलं जातंय, त्याच मशीनचे आणि सुईचे पूर्ण पैसे तुमच्याकडून मागत असतील, नोंदणी क्रमांकही सांगत नसतील, तर ती चाचणी नाही. तिथून उठून या. २००७ मध्ये औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जाहीर खुलासा केला होता की रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उपकरणांना सर्वसाधारण मऊ ऊतींसाठी परवानगी आहे, म्हणून ती फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून मंजूर आहेत असं कोणी समजू नये. मशीनला परवाना असणं आणि या आजारावर ते पुरेसं ठरणं यात अंतर असतं.

जोखमीचंही सांगायला हवं, कारण ‘नुसती सुई’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. फुफ्फुसाभोवती हवा साठणं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, हे साधारण तिघांपैकी एकाला तरी होतं. बहुतेकांना काही करावं लागत नाही, काहींच्या छातीत एखाद-दोन दिवस नळी ठेवावी लागते. विडी ओढलेल्या, फुगलेल्या फुफ्फुसात हे जास्त होतं. थोडं रक्त खोकल्यातून पडतं. क्वचित, पण गंभीर, म्हणजे मोठा रक्तस्राव, किंवा हवेची गळती न थांबणं.

पुढच्या स्कॅनबद्दल आत्ताच माहीत असू द्या, नाहीतर घाबराल. ॲब्लेशननंतर लगेचच्या सीटीत गाठीभोवती धुरकट कडं दिसतं. ते हवंच असतं. सगळीकडून पाच मिलिमीटर कडं मिळालं की आम्ही खूश. पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये ‘आकार वाढला’ असं लिहून येईल, कारण जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठाच असतो. तो हळूहळू आकसतो. सहाव्या महिन्यानंतर वाढू लागला किंवा कडेचा एखादा कोपरा सीटीच्या वेळी शिरेतून दिलेल्या औषधाने नव्याने उजळू लागला तर मात्र लगेच बघायचं. सुरुवातीच्या महिन्यांत पेट स्कॅन करू नका, सुजेमुळेच तो उजळतो. ज्या केंद्रात हे पुढची पाच वर्षं नेमाने बघितलं जाणार नाही तिथे ॲब्लेशन करून घेऊ नये.

अण्णांची बायोप्सी आधीच झाली आहे हे फार बरं झालं. आपल्याकडे टीबीची जुनी गाठही पेट स्कॅनवर कॅन्सरसारखीच उजळते, आणि एकदा जाळल्यावर तपासायला काही उरत नाही. त्याच नमुन्यावर ईजीएफआर आणि तसाच दुसरा बदल एएलके, यांची तपासणी झाली नसेल तर उपचार काहीही ठरो, आत्ताच करून घ्या.

माझं मत विचाराल तर ते असं. पीएफटी चांगली आली तर ऑपरेशन, आणि त्यातही सेगमेंटेक्टॉमी जमते का ते बघून. पीएफटीने नाही म्हटलं तर ग्रंथींची तपासणी करून एसबीआरटी आणि ॲब्लेशन या दोन्हींवर तिन्ही तज्ज्ञांचं, सर्जन, रेडिएशन आणि आमच्यासारखे, एकत्र मत. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी असा एकत्र निर्णय होतो, आणि मोठ्या शहरांतल्या इतर कॅन्सर केंद्रांतही ट्यूमर बोर्ड, म्हणजे तज्ज्ञांची अशी एकत्र बैठक, असतो. मागितलं की मिळतं. पीएफटी मधेच कुठेतरी आली, आणि चाचणी तिसऱ्या प्रकारची निघाली, तर तुमच्याइतकाच मीही विचारात पडेन, आणि तेव्हा अण्णांना स्वतःला काय हवंय ते सगळ्यात आधी विचारेन. तुमच्या लिहिण्यात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही.

एफईव्ही-१, डीएलसीओ, सीटीवर गाठ नेमकी कुठे आहे, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक, एवढं कळलं की पुन्हा लिहा. पहिल्या पायरीचा आजार आठवडा-दोन आठवडे थांबतो, दोन-तीन महिने ताणू नका.